नळीला बूच कुणी मारलं?

पाना खाली ठेव आणि इकडे ये. बाकीच्यांना घरी जाऊ दे. चारचौघांत तुझी शोभा नको म्हणून एकट्याला थांबवलंय. पण म्हणून मी सौम्य बोलेन अशी आशा धरू नकोस.

हा सहा एमएमचा बोल्ट ओळखतोस? कार्बोरेटरच्या तळाच्या नळीतून निघाला. वरून क्लिपही आवळलेली. म्हणजे चुकून अडकलेला नाही, कुणीतरी मुद्दाम शोधून घातलाय. मी विचारलं तेव्हा मान वर करून म्हणालास, "सर, पेट्रोल गळत होतं, आता गळत नाही." अरे, गळत नाही तर मग जातंय कुठे, एवढाही प्रश्न तुला पडला नाही? ऑइलची स्टिक काढ आणि नाकाला लाव. आला वास? आता लेव्हल बघ. काल भरलं होतं त्याच्या वर गेलीय. रात्रभर कॉक चालू राहिला आणि टाकीतलं पेट्रोल इंजिनात उतरलं. गळती तशीच आहे. फक्त ती आता डोळ्यांना दिसत नाही, ही तुझी करामत.

फ्लोट कसा काम करतो हे तुला परीक्षेत आकृतीसह लिहिता येतं. मार्कही पडले असतील. मग हात काम करताना ते ज्ञान कुठे जातं? पेट्रोल कॉकमधून बाउलमध्ये येतं, फ्लोट वर उचलला जातो, नीडल सीटवर बसते, पुरवठा बंद. सीटवर कचऱ्याचा बारीक कण आला किंवा नीडलच्या टोकाला चर पडला की ती पूर्ण बसत नाही आणि पातळी चढत राहते. हे होणार हे कार्बोरेटर बनवणाऱ्याला ठाऊक होतं. म्हणून बाउलच्या आत ती बारीक उभी नळी ठेवली. पातळी तिच्या तोंडाशी आली की जादा पेट्रोल तिच्यातून खाली, रबरी नळीतून जमिनीवर. जमिनीवरचा तो डाग तुला सांगत होता की नीडल बसत नाही. दुरुस्ती नीडलची करायची होती. तू नळीला बूच मारलंस.

बूच मारल्यावर पेट्रोल चढतं, मेन जेटच्या वाटेने घशात येतं, इनटेक व्हॉल्व्ह उघडा असेल तर थेट बोअरमध्ये उतरतं आणि रिंगांच्या फटीतून क्रँककेसमध्ये. ऑइल पातळ होतं. पातळ ऑइलवर कॅम आणि क्रँकचं बेअरिंग किती तग धरेल? आणि बोअरमध्ये जास्तच साचलं, तर किक मारताना पिस्टन वर येऊन त्या पेट्रोलवर आदळतो. द्रव दाबला जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. पन्नास पैशांच्या बोल्टने तू त्या माणसाचं अख्खं इंजिन पणाला लावलं होतंस.

त्या माणसाला पाहिलंस ना तू? तिसगावकडचा आहे. रोज पहाटे दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवून करंजी घाटातून नगरला येतो. घाटात अंधारात इंजिन जाम झालं, मागचं चाक धरलं, तर तो कुठे पडेल याचा विचार कर. मला ऑइलच्या वासावरून समजलं म्हणून गाडी अजून शेडमध्ये आहे. समजलं नसतं तर ती संध्याकाळीच गेली असती, आणि तू निवांत जेवला असतास.

दुसरी गोष्ट. ट्रेमध्ये ही काळी बारीक नळी पडलीय. "सर, एक नळी उरली." हे वाक्य माझ्या शेडमध्ये पुन्हा ऐकू येता कामा नये. गाडीला नळी उरत नसते. तिची जागा तुला सापडली नाही, एवढाच त्याचा अर्थ. मॅनिफोल्डवरचा तो बारीक निपल उघडा दिसतोय ना? तिथली ही नळी. तिचं दुसरं टोक एसएआय व्हॉल्व्हला जातं. एक्झॉस्टमध्ये थोडी ताजी हवा सोडून न जळलेला धूर जाळण्याची ती सोय. पण एक्सलेटर एकदम सोडला की मॅनिफोल्डमधली ओढ वाढते, ती ओढ या नळीतून व्हॉल्व्हपर्यंत पोचते आणि तेवढ्या वेळापुरती ती हवा बंद होते. नळीच नसेल तर हवा चालू राहते आणि उतारावर सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात. दुपारी ते वाजले तेव्हा तू काय केलंस? एअर स्क्रू फिरवलास. आयडलिंग आपोआप वाढलं होतं, तर आयडलिंगचा स्क्रू मागे घेतलास. उघड्या निपलमधून चोरटी हवा आत जात होती आणि तू दोन चांगल्या सेटिंगा बिघडवून ती लपवलीस. आता पुढचा मिस्त्री नळी जोडेल आणि गाडी आयडलिंगला बंद पडेल. तो बिचारा जेट साफ करत बसेल.

चोरट्या हवेने फक्त आवाज होतो असं समजू नकोस. एक किलो शुद्ध पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला साडेतेरा किलोच्या आसपास पुरते. म्हणजे जुन्या जेटिंगची गाडी या पेट्रोलवर मुळातच किंचित कोरडी चालते. त्यात तू एक निपल उघडा ठेवलास. मिश्रण अजून कोरडं, इंजिन अजून तापणार. ओझं घेऊन घाट चढताना तापलेलं इंजिन ओढ सोडतं, आणि हे रोज झालं तर पिस्टनची काय दशा होते ते कपाटातल्या त्या भोक पडलेल्या पिस्टनवर बघ. तो तिथे शोभेला ठेवलेला नाही.

इथेनॉलचा विषय निघालाच आहे, तर ही पारदर्शक नळी कुठून आणलीस? मूळ नळी ताठली होती, तडे गेले होते, बदलायला हवी हे तुला दिसलं. चांगलं दिसलं. पण तिच्या जागी तू कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातली पाण्याची नळी लावलीस. "सर, आतलं पेट्रोल दिसतं." पेट्रोल दिसून काय उपयोग? ही प्लास्टिकची नळी पेट्रोलमध्ये पिवळी पडते, आधी मऊ होते, मग हाडासारखी कडक होते. कडक झाली की क्लिप असूनही निपलवर फिरते आणि एका खड्ड्यात सुटते. खाली तापलेला बेंड पाइप आहे. पेट्रोलची वाफ थंडीतसुद्धा पेट घेते. उणे ४० अंशांच्या आसपासही ती पेटण्याइतकी निघत असते. इथे आपल्याकडे एप्रिलमध्ये काय होईल?

तू नगर जिल्ह्यात राहतोस, तुला तर हे जास्त कळायला हवं. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना आपल्या प्रवरेच्या काठी लोणीला १९५० साली उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटलांनी उभा केला, धनंजयराव गाडगीळ बरोबर होते. तिथून पुढे या जिल्ह्यात कारखान्यांची रांग लागली आणि आज त्याच उसाची मळी आणि रस इथेनॉल होऊन आपल्या टाकीत येतो. तुझ्या घरचाही ऊस कारखान्याला जातो. त्याचं इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, कमकुवत करतं. काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, असं २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयानेच सांगितलं. शेतकऱ्याचा पोरगा म्हणून उसाला भाव मिळावा असं तुला वाटतं ना? मग त्या उसाच्या पेट्रोलसाठी लागणारी योग्य नळी ओळखणं हेही तुझंच काम. पेट्रोलसाठीचीच नळी घ्यायची, कंपनीची घ्यायची, आतला व्यास मोजून घ्यायची. ओढूनताणून चढवलेली नळी तोंडाशी फाटते आणि सैल नळीला क्लिप कितीही आवळली तरी ती पाझरते.

"पण बाहेर सगळे असंच करतात," हेही म्हणालास. कोण सगळे? रविवारी तू ज्या गॅरेजला जातोस तिथे करत असतील. गिऱ्हाईक डोक्यावर उभं असतं, गळती थांबव म्हणतं, पोरगा बोल्ट मारून मोकळा होतो. याच नगरमध्ये असे मिस्त्री आहेत की कार्बोरेटर उघडण्याआधी फडकं अंथरतात, सुटे भाग काढले त्या क्रमाने मांडतात आणि नळीचं टोक बोटाने बंद करून फुंकून बघतात. त्यांच्याकडे कुठला व्हिडिओ नव्हता. त्यांच्यातले काही लूनावर शिकले. १९७२ पासून कायनेटिक इंजिनिअरिंगने आपल्या नगरच्या कारखान्यात ५० सीसीची लूना बनवली. बाया-बापड्यांपासून पेपरवाल्यापर्यंत अख्खा महाराष्ट्र तिच्यावर फिरला. तिच्या काळी नळ्यांचं असं जंजाळ नव्हतं, पण त्या हातांना शिस्त होती. पेट्रोलमध्ये ऑइल मापाने मिसळलं नाही तर इंजिन धरतं, हे त्यांना धाकाने माहीत होतं. त्या गावचा पोरगा तू.

आणि हे जंजाळ कुणी उगाच वाढवलेलं नाही. ही २०१८ ची गाडी आहे, बीएस-४. एप्रिल २०१७ पासून हे प्रदूषणाचे नियम आले तेव्हा टाकीतून उडणारी पेट्रोलची वाफसुद्धा मोजायला लागले. बंद खोलीत गाडी ठेवून खोलीत किती वाफ साठली ते बघतात. म्हणून तो कोळशाचा डबा आला, कॅनिस्टर. टाकीची वाफ त्यात साठते आणि गाडी चालताना इंजिन ती ओढून घेऊन जाळतं. त्या डब्याची नळी तू मोकळी लोंबत सोडलीयस. नगरजवळ वाहननगरात व्हीआरडीई आहे, डीआरडीओची संस्था, मोटार वाहन नियमांप्रमाणे गाड्या तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या मोजक्या संस्थांतली एक. इतक्या जवळ ज्या गोष्टीची परीक्षा होते, त्या गोष्टीला तू "कचऱ्याची नळी" म्हणालास. कानांनी ऐकलंय मी.

व्हेंटच्या नळीचं तर बोलायलाच नको. बाउलमध्ये बाहेरच्या हवेचा दाब यायला हवा, कारण पेट्रोल जेटमधून वर चढतं ते त्या दाबाने. घशातून हवा वेगाने जाते, तिथला दाब उतरतो, बाउलवरचा दाब पेट्रोलला वर ढकलतो. कार्बोरेटर चालतो तो एवढ्याशा फरकावर. तू टाकी बसवताना ती नळी टाकी आणि चेसिसच्या मध्ये चिरडलीस. आयडलिंगला काही कळणार नाही. रस्त्यावर वेग धरला की गाडी अडखळेल, थांबवून दोन मिनिटं ठेवली की पुन्हा नीट चालेल. मालक म्हणेल पेट्रोलमध्ये पाणी आहे, पंपवाल्याशी भांडेल. टाकी बसवल्यावर हात घालून प्रत्येक नळी बोटांनी चाचपायची, हे मी फळ्यावर लिहून ठेवलंय. टाकी शेवटी बसते आणि सगळा घात तिथेच होतो.

क्रँककेसची ब्रीदर नळी मात्र तू बरोबर एअर बॉक्सला जोडलीस. एअर फिल्टरकडून कार्बोरेटरला येणारं जाड रबरही गोल फिरवून नीट बसवलंस, क्लॅम्प सरळ आहे. पारनेर-पाथर्डीच्या फुफाट्यात चालणाऱ्या गाडीला तिथे केसाइतकी फट राहिली तर धूळ थेट बोअरमध्ये जाते. आणि जेट तू तारेने खरवडले नाहीस, हवेने साफ केलेस. मी लांबून बघत होतो. या बॅचमध्ये इतका हलका हात दुसऱ्या कुणाचा नाही. म्हणूनच मला राग आलाय. ज्याला येत नाही त्याला मी पुन्हा शिकवतो. तुला येत होतं आणि तू घड्याळाकडे बघून काम उरकलंस.

आता तू म्हणशील, कार्बोरेटरचे दिवस गेले. २०२० मध्ये बीएस-६ आल्यापासून नव्या बहुतेक गाड्यांना इंजेक्शन आहे, आणि लूनाचं नावही २०२४ मध्ये विजेवरच्या गाडीला मिळालं. खरं आहे. पण तुझ्या गावात चावडीसमोर उभ्या असतात त्या गाड्या कोणत्या सालच्या आहेत, मोजून ये. त्या अजून बरीच वर्षं चालतील, कारण मालकाला नवी घेणं परवडत नाही. आणि इंजेक्शनच्या गाडीत नळी नाही असं वाटतं का तुला? तिथे पंप सुमारे तीन बार दाबाने पेट्रोल ढकलतो. कार्बोरेटरची नळी सुटली तर पेट्रोल ठिबकतं. तिथे कनेक्टर पूर्ण बसला नाही तर तापलेल्या इंजिनवर फवारा उडतो. आज तू या सवयीने काम करतोस, उद्या त्या गाडीला हात लावशील. तेव्हा मी मागे उभा नसेन.

नळ्या लक्षात राहत नाहीत म्हणतोस. लक्षात ठेवायला कुणी सांगितलंय? दिवसभर मोबाइल हातात असतो. उघडण्याआधी डावीकडून एक फोटो, उजवीकडून एक, टाकी काढल्यावर वरून एक. प्रत्येक नळीला आणि तिच्या निपलला चिकटपट्टीवर एकच आकडा. एवढं करूनही शंका आली तर मॅन्युअल कपाटात आहे आणि मी शेडमध्ये आहे. विचारायला लाज वाटते आणि बोल्ट मारायला वाटत नाही?

आता काम ऐक. आधी कॉक बंद. किक मारायची नाही, हात जरी लावलास तरी बघ. प्लग काढ, कॅप बाजूला सरकव, मग किक हाताने हळू फिरवून बोअर रिकामा झाला का बघ. दरवाजा उघडा ठेव, ग्राइंडरवर कुणी काम करत असेल तर थांबव. ऑइल पूर्ण काढ, आणि ते नेहमीच्या ड्रममध्ये ओतू नकोस, त्यात पेट्रोल आहे. वेगळ्या डब्यात भरून झाकण लाव. बोल्ट मला दे. नीडल आणि सीट काढून भिंगाखाली बघ. नीडलला चर असेल तर नवी घालायची, घासून चालवायची नाही. मग फ्लोटची उंची मोज. पेट्रोलची नळी नवी. एसएआयची नळी तिच्या निपलवर, कॅनिस्टरची तिच्या जागी, व्हेंटचं टोक कोरड्या जागी मोकळं, ओव्हरफ्लोची नळी सरळ खाली, बेंड पाइपपासून लांब. स्क्रू दोन्ही पूर्वीच्या सेटिंगवर. टाकी बसवल्यावर नळ्या चाचप, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आयडलिंग बदलतं का ऐक. सुरू करण्याआधी कॉक चालू करून दहा मिनिटं नुसता बसून बघ. थेंब दिसला तर पुन्हा पहिल्यापासून.

मालकाला मी फोन केलाय, तो उद्या सकाळी येईल. त्याला काय झालं होतं ते तू सांगायचंस, स्वतःच्या तोंडाने, माझ्यामागे उभं न राहता. ऑइलचे पैसे त्याच्याकडून घ्यायचे नाहीत. आठवड्याने ऑइल पुन्हा तपासायला गाडी आण म्हणावं, आणि तो आला की तपासायचंही तूच.

भिंतीजवळच्या त्या दोन गाड्यांचे कार्बोरेटरही मागच्या आठवड्यात तूच बसवलेस. ही झाली की त्यांच्या टाक्या उतरव. त्यांच्या प्रत्येक नळीचं दुसरं टोक कुठे जातं ते मला बोट ठेवून दाखवल्याशिवाय शटर खाली येणार नाही. घरी फोन करून सांग, उशीर होईल म्हणून. मी इथेच आहे.